नागपूरच्या कामगारांनी जमशेटजी टाटांची गिरणी उभी केली, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्यांचीच जहाज कंपनी बंद पाडली

नागपुरात गांधीसागर तलावाच्या जवळ एम्प्रेस मॉल आहे. शनिवार-रविवारी तिथे गर्दी असते. शॉपिंग होतं, पिक्चर होतो, खाणं होतं. पण या मॉलला एम्प्रेस हे नाव कुठून आलं, हे नव्या पिढीतल्या बऱ्याच नागपूरकरांना माहीत नसतं.

ते नाव आलंय एका कापड गिरणीवरून. आणि ती गिरणी काढली होती जमशेटजी नसरवानजी टाटांनी.

जमशेटजींचं नाव घेतलं की जमशेदपूर आठवतं, ताज हॉटेल आठवतं, बंगळुरूची विज्ञान संस्था आठवते. पण यातलं काहीही उभं राहण्याच्या कितीतरी आधी जमशेटजींनी आपली खरी परीक्षा नागपुरात दिली होती. धंदा एकट्या मालकाच्या जोरावर चालत नाही, समोरचा माणूसही त्यात हिस्सेदार असावा लागतो, ही गोष्ट ते इथेच शिकले. पुढे एका धंद्यात समोरची माणसं सोडून गेली आणि जमशेटजींसारख्या माणसालाही दुकान गुंडाळावं लागलं.

तर सुरुवातीपासून बघू.

दिवाळं निघालेला पोरगा आणि लंडनचे धनको

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी पुरोहितांचं. वडील नसरवानजी यांनी मात्र पौरोहित्य सोडून मुंबई गाठली आणि व्यापारात पडले. मुलालाही त्यांनी मुंबईत आणलं, एल्फिन्स्टन कॉलेजात घातलं. १८५८ मध्ये शिक्षण संपलं आणि जमशेटजी वडिलांच्या पेढीत बसायला लागले. पुढच्याच वर्षी वडिलांनी त्यांना व्यापारासाठी हाँगकाँगला पाठवलं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून सगळी मागणी हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशांचा पूर आला. शेअरवर शेअर निघाले, बँकांवर बँका निघाल्या. याच तेजीत जमशेटजी इंग्लंडला गेले. हातात होती कापसाच्या व्यवहारांची कागदपत्रं.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईचा फुगा फुटला. जमशेटजींच्या हातातल्या कागदांना रद्दीचीही किंमत उरली नाही. वय होतं २६.

अशा वेळी पळून जाणारे खूप होते. जमशेटजी धनकोंसमोर जाऊन बसले आणि पेढीची खरी परिस्थिती त्यांनी जशीच्या तशी मांडली. त्याचा परिणाम असा झाला की देणी फेडण्याचं काम धनकोंनी जमशेटजींकडेच सोपवलं आणि वर त्यासाठी त्यांना पगारही लावून दिला. ज्यांचे पैसे अडकले होते, तेच लोक त्यांचे जोडीदार झाले.

ही सवय जमशेटजींना आयुष्यभर पुरली.

सगळे मुंबईत, हे नागपुरात

१८६८ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी जमशेटजींनी २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीला एक बंद पडलेली तेल गिरणी होती. ती घेतली, तिची कापड गिरणी केली, नाव ठेवलं अलेक्झांड्रा मिल आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकूनही टाकली. मग लँकेशायरला जाऊन कापड धंदा मुळापासून बघून आले.

आता मोठी गिरणी काढायची होती. त्या काळी गिरणी म्हटलं की मुंबई, हे ठरलेलं. बंदर तिथे, बँका तिथे, कारागीर तिथे. पण जमशेटजींचा हिशोब वेगळा होता. कापूस पिकतो विदर्भात आणि वऱ्हाडात. तो गाठी बांधून मुंबईला न्यायचा, तिथे कापड विणायचं आणि तेच कापड परत आत आणून विकायचं. म्हणजे भाडं दोनदा भरायचं.

नागपूरला मुंबईची रेल्वे १८६७ मध्येच पोचली होती. कापूस दारात होता. वरोऱ्याचा कोळसा फार लांब नव्हता. गिऱ्हाईकही इथेच होतं. या भागात कोष्टी विणकरांची वस्ती मोठी, म्हणजे नुसतं कापडच नाही तर सूतही इथेच खपणार होतं.

१८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी निघाली. नाव होतं सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. जागा मिळाली जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळ. जागा दलदलीची होती, म्हणून स्वस्तात मिळाली. ती दलदल बुजवायला मातीचे ढीगच्या ढीग ओतावे लागले.

इथला एक किस्सा प्रसिद्ध आहे. नागपूरच्या एका सावकाराकडे भांडवल मागितलं तेव्हा त्याने साफ नकार दिला. चिखलात सोनं पुरणाऱ्याला पैसे कोण देईल, असा त्याचा विचार होता. पुढे गिरणी चालली तेव्हा त्यानेच कबूल केलं की या माणसाने मातीत सोनं घातलं नव्हतं, माती घालून सोनं काढलं होतं.

१ जानेवारी १८७७ ला राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आलं. त्याच दिवशी गिरणी सुरू झाली. म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल.

गिरणीचा मॅनेजर, ज्याने गिरणीच चालवली नव्हती

गिरणी चालवायला जमशेटजींनी निवडलं बेझनजी दादाभाई मेहतांना. बेझनजी होते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सूत कसं काततात, माग कसा चालतो, याचा त्यांना अनुभव नव्हता.

पण माल कुठे अडतो, कुठे वेळ जातो आणि माणसांची मोठी फौज कशी सांभाळायची, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तांत्रिक बाजू बघायला जेम्स ब्रुक्सबी नावाचे इंग्रज तज्ज्ञ होते. मालक, व्यवस्थापक आणि तंत्रज्ञ अशी तिघांची जोडी जमली.

सुरुवात मात्र जड गेली. सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग घेऊन गिरणी सुरू झाली खरी, पण यंत्रं हलक्या प्रतीची निघाली. जमशेटजींनी काटकसर न करता चांगली यंत्रं आणली. १८८३ च्या सुमारास त्यांनी रिंग स्पिंडलचा प्रयोग केला. ही अमेरिकेतली नवी पद्धत होती. तिच्यावर सूत वेगाने कातलं जायचं. कापड धंद्याची राजधानी असलेलं लँकेशायर अजून या यंत्राकडे संशयाने बघत होतं, तेव्हा नागपुरात ते चालूही झालं होतं.

यंत्रं विकत मिळतात. माणसांचं काय?

पहिल्याच वर्षी संप

भारताच्या कामगार चळवळीच्या इतिहासात एक नोंद हमखास येते. कारखान्यातल्या कामगारांनी मजुरीच्या दरावरून केलेल्या सुरुवातीच्या संपांपैकी एक झाला १८७७ मध्ये, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये.

म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी.

कामगारांची बाजूही समजून घ्यायला हवी. ही माणसं शेतीवर वाढलेली. पाऊस पडला की शेत, सण आला की गाव, घरात लग्न असलं की आठवडाभर सुट्टी, असा त्यांचा हिशोब. आता त्यांना भोंग्यावर यायचं होतं आणि भोंग्यावर जायचं होतं. आत गोंगाट, कापसाची धूळ आणि उकाडा. दिवस मावळेपर्यंत काम. त्यामुळे खाडे खूप व्हायचे. पोट भरण्यापुरते पैसे मिळाले की माणूस दुसऱ्या दिवशी फिरकायचा नाही.

यावर त्या काळातला सरधोपट इलाज म्हणजे दंड, शिवीगाळ आणि कामावरून काढणं. पण काढून टाकलेल्याच्या जागी आणायचा कोणाला? मुंबईत गिरणी कामगारांची तयार फौज होती. नागपुरात शिकवलेला माणूस गेला की त्याच्या हातातलं कसबही जायचं.

जमशेटजी आणि बेझनजींनी उलट्या बाजूने विचार केला. माणूस का येत नाही आणि आल्यावर का टिकत नाही, हे आधी बघितलं.

नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. कोरड्या हवेत सुताचा धागा सतत तुटतो. धागा तुटला की माग थांबतो, आणि माग थांबला की कामगाराची मजुरीही घटते. गिरणीत हवा खेळती ठेवायची सोय झाली आणि हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसली. धागा तुटायचं प्रमाण कमी झालं, कामगारालाही जरा बरा श्वास घेता आला. एकाच खर्चात दोघांचा फायदा झाला. आग विझवणारी पाण्याची स्वयंचलित यंत्रणाही बसवली गेली. कापसाच्या गिरणीत ठिणगी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मग आली बक्षिसं. नियमित येणाऱ्यांना आणि चांगलं काम करणाऱ्यांना दरवर्षी समारंभ करून कापड, घड्याळं आणि रोख रक्कम दिली जायची. खेळांच्या स्पर्धा व्हायच्या. कामगारांच्या वस्तीची आणि धान्याची सोय झाली. आया कामावर असताना त्यांची लेकरं सांभाळायला पाळणाघर निघालं.

१८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला. १८९५ मध्ये अपघातात जखमी झालेल्या कामगाराला भरपाई द्यायला सुरुवात झाली. १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड आला.

या तारखांचं महत्त्व कळण्यासाठी दुसऱ्या दोन तारखा बघा. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याचा कायदा भारतात आला १९२३ मध्ये. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला १९५२ मध्ये. आज दर महिन्याच्या सॅलरी स्लिपवर जो पीएफ कापलेला दिसतो, तो नागपूरच्या कामगाराला कायद्याच्या ५१ वर्षं आधी मिळत होता.

हा सगळा दानधर्म होता का? जमशेटजी स्वतः याला दानधर्म मानत नव्हते. त्यांच्या मते भागधारकांचं हित आणि कामगारांचं आरोग्य हाच धंद्याचा पाया होता. कामगार टिकला तर कसब टिकतं, कसब टिकलं तर सुताचा दर्जा टिकतो आणि दर्जा टिकला तर विणकर दुसऱ्या गिरणीकडे जात नाही. त्या विणकराचं पोट त्या सुतावर होतं. सूत वारंवार तुटलं तर त्याची साडी बिघडणार. म्हणजे गिरणीतल्या कामगाराच्या हातात गिऱ्हाइकाचाही धंदा होता.

याचा अर्थ एम्प्रेस मिल म्हणजे स्वर्ग होता असं नाही. कामाचे तास लांब होते, मजुरी आणि काम दोन्ही मालकच ठरवायचा. पण त्या काळातल्या इतर गिरण्यांशी तुलना केली की फरक लगेच दिसतो.

भागधारकाला फसवणारी पाव आण्याची पद्धत

त्या काळी गिरण्या चालवायचे एजंट. आणि बहुतेक एजंट कमिशन घ्यायचे उत्पादनावर, म्हणजे दर पौंडामागे पाव आणा. माल विकला जावो न जावो, गिरणी तोट्यात जावो, एजंटचा खिसा भरलेलाच. साहजिकच खूप गिरण्यांमध्ये वाट्टेल तसा माल काढला जायचा.

जमशेटजींनी आपल्यासाठी वेगळा नियम लावला. कमिशन उत्पादनावर नाही, नफ्यावर. भागधारकाला मिळालं तरच एजंटला मिळणार. बाकीच्या एजंटांना हे अजिबात आवडण्यासारखं नव्हतं.

याची कसोटी लागली ती १८८६ मध्ये. जमशेटजींनी कुर्ल्याची धरमसी मिल लिलावात घेतली आणि तिला नाव दिलं स्वदेशी मिल. ही गिरणी म्हणजे डोकेदुखी निघाली. यंत्रं जुनाट, माल निकृष्ट. चीनच्या बाजारात टाटांच्या सुताचं नाव खराब व्हायला लागलं. बँकेने कर्ज द्यायलाही नकार दिला.

तेव्हा जमशेटजींनी कुटुंबासाठी केलेला ट्रस्ट मोडला आणि एम्प्रेस मिलचे स्वतःचे काही शेअर विकून पैसा उभा केला. नागपूरच्या कमाईवर कुर्ल्याची गिरणी तगली आणि काही वर्षांत स्वदेशीचं सूत पुन्हा नावारूपाला आलं.

इथपर्यंतची गोष्ट यशाची आहे. आता दुसरी बाजू.

एका टनाला १९ रुपये

मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीन आणि जपानला जायचं. जपानच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागायचा. पण माल न्यायला जहाज कोणाचं? तर ब्रिटिशांच्या पी अँड ओ कंपनीचं. सोबत ऑस्ट्रियाची आणि इटलीची अशा दोन कंपन्या. तिघांनी मिळून दर ठरवलेले. एका टनाला सुमारे १९ रुपये. शिवाय काही बड्या पेढ्यांना आतून सूट, देशी व्यापाऱ्याला मात्र पूर्ण भाडं.

जमशेटजींनी ठरवलं की आपणच जहाज सेवा काढायची.

१८९३ मध्ये ते जपानला गेले. याच वर्षी योकोहामाहून कॅनडाकडे जाणाऱ्या जहाजावर त्यांची आणि स्वामी विवेकानंदांची भेट झाली, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण त्या वर्षीची धंद्यातली मोठी गोष्ट वेगळी होती. निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीशी त्यांनी हातमिळवणी केली. जपान्यांची अट होती की जोखीम अर्धी-अर्धी, टाटांनीही स्वतःची जहाजं चालवायची. जमशेटजींनी ती मान्य केली.

ॲनी बॅरो नावाचं जहाज महिना १,०५० पौंड भाड्याने घेतलं गेलं. टाटा लाइन सुरू झाली. दर ठेवला टनाला १२ रुपये.

मुंबईचे गिरणी मालक आणि सुताचे व्यापारी खूश झाले. एका टनामागे ७ रुपये वाचणार होते. सगळ्यांनी पाठिंबा दिला.

मग पी अँड ओने दर खाली आणला. किती? थेट टनाला दीड रुपया. जपानचा कापूस तर फुकट न्यायचीही तयारी दाखवली. टाटांच्या जहाजांबद्दल अफवा उठल्या की ती माल न्यायच्या लायकीची नाहीत. आणि सगळ्यात शेवटचा डाव म्हणजे एक अट. जो व्यापारी टाटांच्या किंवा जपान्यांच्या जहाजातून माल पाठवणार नाही असं लिहून देईल, त्यालाच सवलत.

आता व्यापाऱ्यांसमोर प्रश्न होता. आज दीड रुपयात माल पाठवायचा की उद्यासाठी १२ रुपये मोजायचे?

जमशेटजी समजावत राहिले. हा दीड रुपया टिकणारा नाही, टाटा लाइन बुडाली की दर परत चढणार, हे ते सांगत होते. या लढाईवर त्यांनी पत्रक काढलं, सरकारकडे तक्रारही केली. एक परदेशी कंपनी सरकारकडून टपालाचे पैसे घेते आणि त्याच बळावर देशी धंदा मारते, हा त्यांचा मुद्दा होता. सरकार हललं नाही.

आणि व्यापारी एकेक करून निघून गेले.

त्यांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांचाही धंदा होता, शेजारचा दीड रुपयात माल पाठवत असताना १२ रुपये भरणारा बाजारात टिकला नसता. एकट्याने निष्ठा ठेवून उपयोग नव्हता. सगळ्यांनी मिळून ठेवली असती तरच तिला अर्थ होता.

दर महिन्याला हजारो रुपये तोट्यात जात होते. अखेर टाटा लाइन बंद झाली, भाड्याची जहाजं परत गेली. आणि व्हायचं तेच झालं. स्पर्धा संपल्यावर भाडं पुन्हा वर चढलं.

तेच जहाज, तोच मार्ग, जपानमध्ये मात्र उलटं घडलं

खरी गंमत पुढे आहे. त्याच लढाईत, त्याच मार्गावर, जपानी भागीदार मात्र टिकून राहिला.

कारण जपानच्या सूतगिरण्यांच्या संघाने निप्पॉन युसेन कैशाशी करार केला होता. आमचा कापूस तुमच्याच जहाजातून येईल, ठराविक माल आम्ही देऊच, असं गिऱ्हाइकांनी एकत्र येऊन लेखी कबूल केलं होतं. पी अँड ओने फुकट न्यायची तयारी दाखवली तरी ते फुटले नाहीत. आपल्या देशाची जहाज सेवा टिकली तर उद्याचं भाडं आपल्या हातात राहील, हे त्यांनी ओळखलं. काही वर्षांत पी अँड ओलाच जपान्यांशी समझोता करावा लागला.

जहाज सेवा हा माल नसतो. कापड गोदामात ठेवता येतं, आज नाही विकलं तर उद्या विकता येतं. पण रिकाम्या जहाजाची फेरी वाया गेली की गेली. समोरच्याने माल आणला तरच ती सेवा जन्माला येते. म्हणजे जहाज सेवेचा अर्धा भाग मालक बनवतो आणि उरलेला अर्धा गिऱ्हाईक.

नागपुरात जमशेटजींनी कामगारांना, विणकरांना आणि भागधारकांना बांधून ठेवणारी व्यवस्था वर्षानुवर्षं खपून उभी केली होती. मुंबईत व्यापाऱ्यांच्या शब्दावर काम सुरू झालं होतं, करार नव्हता, संघ नव्हता. नागपूर टिकलं आणि टाटा लाइन बुडाली, यातला मोठा फरक हाच.

ताज आणि अजब बंगला

एवढं नुकसान होऊनही जमशेटजी सेवेच्या धंद्यापासून लांब गेले नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, शहर ओस पडलं, लोकांचा मुंबईवरचा विश्वास उडाला. त्यानंतर जमशेटजींनी मुंबईत मोठं हॉटेल बांधायला काढलं. १६ डिसेंबर १९०३ ला ताजमहाल हॉटेल उघडलं तेव्हा राहायला आले होते फक्त १७ पाहुणे. विजेचे दिवे, लिफ्ट, पंखे सगळं होतं. हॉटेलही जहाजासारखंच, खोली रिकामी राहिली की त्या रात्रीचे पैसे गेले. पण इथे जमशेटजींनी वाट बघितली आणि गिऱ्हाइकाने हळूहळू ताजला ताज बनवलं.

पोलादाचं स्वप्नही विदर्भातच सुरू झालं होतं. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या लोहाऱ्याच्या लोखंडावरचा एक अहवाल त्यांच्या वाचनात आला. वरोऱ्याचा कोळसा तपासला, पण तो पोलादासाठी योग्य नव्हता. सरकारच्या अटीही जाचक होत्या. विषय मागे पडला, पण सुटला नाही.

जमशेटजींच्या अखेरच्या काळात त्यांचे चिरंजीव दोराबजी खाणकामाच्या परवान्याचा विषय संपवायला नागपूरला आले. अधिकाऱ्यांना भेटायला वेळ होता म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. हेच आपलं मध्यवर्ती संग्रहालय, नागपूरकरांचा अजब बंगला. तिथे लावलेल्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा दिसल्या आणि शोध पुन्हा सुरू झाला.

जमशेटजींना मात्र कारखाना बघता आला नाही. १९ मे १९०४ ला जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. १९०७ मध्ये टाटा पोलाद कंपनीसाठी भांडवल हवं होतं. लंडनच्या बाजारात दाळ शिजली नाही, म्हणून हिंदुस्थानातच शेअर काढले. स्वदेशीचे दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार भारतीयांनी सगळं भांडवल भरून टाकलं. पुढे लागलेलं कर्जरोख्यांचं भांडवल ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी एकट्याने दिलं.

जहाजाच्या वेळी दीड रुपयासाठी व्यापारी निघून गेले होते. १४ वर्षांनी हजारो लोक स्वतःहून पैसे घेऊन आले. मधल्या काळात देशातलं वातावरण बदललं होतं हे खरंच. पण भागधारकाला आधी मिळेल, मग एजंटला, ही टाटांची ख्यातीही लोकांना माहीत होती.

आजच्या भाषेत याला काय म्हणतात?

२००४ मध्ये, म्हणजे जमशेटजींच्या निधनाला बरोबर १०० वर्षं झाली तेव्हा, सी. के. प्रल्हाद आणि वेंकट रामस्वामी या व्यवस्थापन तज्ज्ञांचं द फ्युचर ऑफ कॉम्पिटिशन हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी मांडलं की कंपनी एकटी किंमत निर्माण करते आणि ग्राहक ती विकत घेतो, हे चित्र आता जुनं झालं. किंमत कंपनी आणि ग्राहक मिळून तयार करतात. आज बिझनेस स्कूलमध्ये हा विषय शिकवला जातो.

आपण रोज तेच करतो. टॅक्सी ॲपवर ड्रायव्हरला रेटिंग देतो, फूड डिलिव्हरीवाल्याला अचूक लोकेशन पाठवतो, हॉटेलचा रिव्ह्यू लिहितो. त्या ॲपची निम्मी सेवा आपणच बनवत असतो. आणि एखादं ॲप सुरुवातीला भरमसाट सूट देऊन समोरच्या छोट्या स्पर्धकाला संपवतं आणि नंतर दर चढवतं, तेव्हा तो डाव नवा नसतो. टनाला दीड रुपयाची गोष्ट १८९३ मध्येच घडून गेली आहे.

एम्प्रेस मिल पुढे अनेक दशकं चालली. हजारो नागपूरकरांच्या घरातली चूल तिच्या भोंग्यावर पेटली. कापड धंद्याला उतरती कळा लागली, गिरणी राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. ज्या घरांचे तीन-तीन पिढ्यांचे हात तिथे राबले होते, त्यांच्यासाठी तो साधा कारखाना बंद होणं नव्हतं. गिरणीत आपलाही वाटा आहे, असंच ती माणसं मानत आली होती.